सात किलोंत बसेल तेवढंच

२००० सालच्या नोव्हेंबरात मी पंधरा दिवसांसाठी शारजाला गेलो तेव्हा माझ्याकडे एकच बॅग होती. निळ्या कॅनव्हासची, दोन बंदांची, विमानात हातात घेऊन चढता येईल एवढी. तिथे नोकरीला असलेल्या थोरल्या भावानं, अण्णानं, व्हिसा आणि तिकीट पाठवलं होतं. सोबतच्या कागदावर हातातल्या सामानाची मर्यादा सात किलो लिहिली होती. नाक्यावरच्या वाण्याच्या काट्यावर बॅग तीन किलो नऊशे ग्रॅम भरली.

वाण्यानं ती उतरवली आणि पुन्हा ठेवली. "दुबईला चाललात ना, साहेब?"

"शारजाला."

"तेच ते. एवढ्या सामानात माणूस सिव्हिलमध्ये अ‍ॅडमिट होतो."

दुकानात उभ्या असलेल्या दोघांनी बॅगेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

कमी सामानाची सवय मला ऑफिसात लागली. मी तेव्हा रत्नागिरीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि गरज पडली की बातमीदारीही करत होतो. आमचे वृत्तसंपादक नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगायचे, की बातमीदाराचा एक हात कायम मोकळा पाहिजे. संगमेश्वरला पुराच्या बातमीला मी एकदा सुटकेस घेऊन गेलो होतो. ती बाजारपेठेत कोणाच्या तरी माळ्यावर ठेवावी लागली आणि परत मिळायला चार दिवस गेले. त्यानंतर सुटकेस वापरली नाही. दोन शर्ट, एक पँट अंगात आणि एक बॅगेत. टॉवेलऐवजी पंचा, कारण तो तासाभरात वाळतो. लुंगी एक, ती नेसता येते आणि पांघरताही येते. दाढीचं सामान, वही, दोन पेनं. बूट पायात. चपला कुठेही मिळतात.

पण गल्फला जाताना लहान बॅग घेण्यामागे दुसरंही कारण होतं, आणि ते मी कोणाला सांगत नव्हतो.

आमची आळी राजिवड्याच्या वरच्या अंगाला होती. हिंदू-मुसलमान घरं मिसळलेली. दर तिसऱ्या घरातला एक माणूस मस्कत, कुवेत नाहीतर दुबईत होता. त्यामुळे जो कोणी तिकडे निघे त्याची बॅग त्याची एकट्याची राहत नसे. तिकीट हातात पडलं की दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागत. कुळथाचं पीठ, कोकम, फणसपोळी, पोह्याचे पापड, सुकट. कोरं कापड शिवून त्यात बांधलेलं पुडकं, त्यावर शाईच्या पेननं नाव. वीस किलो सामानात जाणाऱ्याचं स्वतःचं पाच किलो असलं तर पुष्कळ. नाही म्हणायची पद्धत नव्हती. तुमच्या माणसाला कोणी तरी नेऊन दिलेलं असतं, तुम्ही दुसऱ्या कोणाला नेऊन देता, हा हिशेब पिढीभर चालत आलेला होता.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या एका गावातलं कुटुंब आमच्या ऑफिसात आलं होतं. त्यांचा माणूस तिकडच्या विमानतळावर अडकला होता. त्यानं दुसऱ्या कोणाचं तरी पुडकं नेलं होतं आणि त्यात पावशेर खसखस होती. आपल्याकडे वाण्याकडे मिळणारी. तिकडे ती अमली पदार्थांत धरतात. पाठवणाऱ्याला हे माहीत नव्हतं, नेणाऱ्याला पुडक्यात काय आहे तेच माहीत नव्हतं. त्याच्या बापानं टेबलावर फोटो ठेवला आणि नाव छापू नका म्हणून सांगितलं. चार परिच्छेदांची बातमी मीच लिहिली, मथळाही मीच दिला. पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

तेव्हापासून शिवलेलं पुडकं दिसलं की मला आत काय असेल असा विचार येई. लहान बॅग हा माझा नकार होता. तोंडानं नाही म्हणायचं नाही, बॅग दाखवायची.

आळीनं ती पाहिली आणि आपले अंदाज बांधले. हा तिकडे नोकरी बघायला चालला आहे आणि ऑफिसला पत्ता नाही, असं एक मत होतं. दुसरं मत माझ्या बायकोला पाणी भरताना ऐकायला मिळालं: घरात काही तरी बिनसलं आहे, कपडे मागाहून नेईल. कोणाचं काही न्यायला नको म्हणून एवढीशी बॅग, असं तोंडावर कोणी म्हणालं नाही. पण पहिल्या चार दिवसांत कोणी पुडकंही घेऊन आलं नाही. माझी युक्ती चालली, असं मी समजलो.

पाचव्या दिवशी शेजारच्या चाचींनी निरोप पाठवून मला घरी बोलावलं.

चाची मूळच्या बुरोंडीच्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. एकुलता मुलगा शारजात एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. चाचींकडे फोन नव्हता, म्हणून तो एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी आमच्या घरी फोन करी आणि आम्ही कुंपणावरून हाक मारून त्यांना बोलावून घेत असू. त्यामुळे त्या घरातलं बरंचसं बोलणं माझ्या कानावर होतं. ऑगस्टमध्ये चाचींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डावा आधीच अधू होता. ऑपरेशन नीट झालं, पण सुट्टीवरून परत गेलेल्या कोणी तरी मुलाला सांगितलं, की तुझ्या आईला आता दिसत नाही, भिंत धरून चालते. तेव्हापासून तो परत येतो म्हणत होता. त्याच्या कराराचे आठ महिने उरले होते. करार पुरा केला तर तिथेच पुढे काम होतं. मध्येच मोडला तर पुन्हा त्या देशाचा व्हिसा मिळणं कठीण होतं, आणि घरात मिळवणारा तो एकटाच होता.

मी गेलो तेव्हा चाची पडवीत उजेडाकडे तोंड करून बसल्या होत्या. मांडीवर कोऱ्या मांजरपाटाची पिशवी, तीन बाजूंनी शिंप्याकडून शिवून आणलेली. आत माल भरून झालेला होता. तोंड तेवढं उघडं होतं.

"बसा, भाऊ. तुमच्यासमोर शिवायची म्हणून थांबलंय."

त्यांनी गोधडीची जाड सुई उचलली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि ओवलं. पहिल्या वेळी चुकलं. दुसऱ्या वेळी गेलं.

"बघितलंत? दोरा मी ओवला. कोणी ओवून दिला नाय."

"बघितलं."

"फोनवर सांगतंय तर खोटं वाटतं त्याला. बोलतो, अम्मी, तू माझं मन राखायला बोलतेस. आता माझी शिवण त्याला ठाऊक हाय. लहानपणी शेजारी बसून दोरा धरायचा. ही बघितली की गप बसेल." त्या शिवू लागल्या. उलटी टीप, बारीक, एकसारखी. "आतलं काय, बाजारात तिकडं पण मिळतं. ही शिवण त्याच्या हातात जाऊ दे."

"आत काय आहे, चाची?"

"कोकम. मसाला. थोडी सुकट. रोजे सुरू होतील ना, कोकम लागतं त्याला." सुई थांबली. "आणि दवा."

"कसली दवा?"

"पोटाची. घरातलीच हाय." त्यांनी टीप पुढे नेली. "तुमची बॅग लहान हाय, माहीत हाय मला. म्हणून दीड किलोच भरलंय. वाण्याकडं जोखून आणलंय."

म्हणजे बॅगेचं वजन त्यांना वाण्याकडून कळलेलं होतं. बॅग दाखवून नकार देण्याची सोय उरली नव्हती. मी पिशवी घेतली.

त्याच संध्याकाळी समोरच्या घरातले निवृत्त गुरुजी पत्र्याचा गोल डबा घेऊन आले. त्यांची मुलगी शारजात, अण्णाच्याच इमारतीत राहत होती. "जावयाला अनारसे," ते म्हणाले. "दिवाळी झाली, पण जावई तो जावई. बॅगेत मावत नसेल तर मांडीवर घेऊन बस." डब्याला सुतळी बांधलेली होती. मी तो बॅगेत तळाला ठेवला आणि वर शर्ट घातले. बॅगेचं वजन पुन्हा केलं नाही. सातच्या आत असणार हे उघड होतं.

निघायच्या दिवशी, रविवारी दुपारी, मी सामान शेवटचं लावत होतो. चाचींची पिशवी हातात घेतली आणि चाचपली. कोकमाचा मऊ गोळा कळत होता. सुकट चुरचुरत होती. एका कोपऱ्यात बारीक दाणे होते. कापडावरून बोट फिरवलं की सरकत होते. घरातली दवा. मी पाच मिनिटं तो कोपरा चाचपत बसलो असेन. मग दाढीच्या सामानातलं ब्लेड काढलं आणि पिशवीची शिवण उसवली.

कोकम होतं, सुकट होती, मसाला होता. दाणे एका लहान पुडीत होते. ओवा, त्यात सैंधव मीठ कुटून घातलेलं. पोटाची दवा.

बायको भांडी पुसत दारात उभी होती. ती कधीपासून उभी होती ते कळलं नाही.

"मिळाली का खसखस?"

"ओवा आहे."

"मग आता शिवा."

"तू शीव ना. मला कुठे येतं."

"उसवायला येतं तुम्हाला." तिनं भांडं खाली ठेवलं. "आणि त्यांच्यासारखं मला जमणार नाही, आधीच सांगते. चाचींनी गोधड्या शिवून घर चालवलंय. मी बटणं लावते."

गाडी सव्वाचारची होती. तिनं पाऊण तासात पिशवीचं तोंड शिवलं. उलटी टीप घालायचा प्रयत्न केला, पण टाके कुठे लांब, कुठे एकावर एक पडले. मधे एका ठिकाणी कापड ओढलं जाऊन चुणी आली. दोरा पांढराच होता. मी म्हणालो की फरक फारसा दिसत नाही. तिनं दातांनी दोरा तोडला.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट पाहिला, बॅग पाहिली आणि विचारलं, "बाकीचं सामान?"

"एवढंच."

"पहिल्यांदा चाललाय आणि एवढंच?" त्यानं परतीचं तिकीट मागून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. माझ्यामागे रांगेत दोरखंडानं बांधलेली खोकी ढकलणारे लोक होते. त्यांच्यापैकी कोणाला त्यानं काही विचारलं नाही. शारजाला उतरल्यावर मात्र बॅग कोणी उघडली नाही. हातात एवढीशी बॅग असलेला माणूस तिथून दहा मिनिटांत बाहेर पडला.

अण्णानं घरी आल्यावर बॅग रिकामी करायला घेतली. डबा काढून त्यानं हलवून पाहिला.

"ह्यात काय?"

"अनारसे. गुरुजींच्या जावयाला."

अण्णाचा हात थांबला. त्यानं सुतळी सोडली, झाकण काढलं आणि डबा दिव्याखाली धरला. वीसेक अनारसे होते. प्रत्येकाची वरची बाजू खसखशीनं भरलेली होती.

त्यानं झाकण ओट्यावर ठेवलं. मग म्हणाला, "तू वर्तमानपत्रात आहेस ना?"

खसखस म्हणजे पुडी, असं माझ्या डोक्यात होतं. अनारशावर खसखस असते हे मला लहानपणापासून इतकं माहीत होतं, की डबा हातात घेतला तेव्हा तो विचार मनाला शिवलाही नाही. अण्णानं नळ सुरू केला आणि सिंकवर एकेक अनारसा धरून सुरीनं खसखस खरवडून काढली. गुरुजींच्या मुलीला त्यानं बोडके अनारसे नेऊन दिले आणि वडिलांना फोनवर काय सांगायचं तेही सांगितलं.

चाचींचा मुलगा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पिशवी घ्यायला आला. तिशीचा, हातांवर वेल्डिंगचे बारीक डाग. चहा घेतला, आळीतल्या सगळ्यांची चौकशी केली. मग पिशवी मांडीवर घेतली. त्यानं ती उघडली नाही. आडवी धरली आणि तोंडाची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठ्यानं चाचपत गेला. चुणीपाशी थांबला.

"दादा, ही कोणी शिवली?"

"चाचींनी."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर. दोराही त्यांनीच ओवला."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. ऑफिसात अशा वाक्याला आम्ही अचूक म्हटलं असतं.

त्यानं मान हलवली. पिशवीवरचं आपलं नाव वाचलं, उठला, अण्णाशी हात मिळवला आणि गेला.

तो काय समजून गेला हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. दोन दिवस मी अण्णाबरोबर समुद्रकिनारा आणि बाजार पाहत फिरलो. रविवारी संध्याकाळी काम सुटल्यावर चाचींचा मुलगा पुन्हा आला, कामाच्याच कपड्यांत. बसला नाही.

"उद्या फोरमनला सांगतोय," तो म्हणाला. "पासपोर्ट मागून घेतो. तुम्ही जाणार त्याच सुमारास निघेन."

अण्णा म्हणाला, "अरे, आठ महिने राहिलेत."

"तिला दिसत नाय, अण्णा. लोक बोलले तेव्हा पुरती खात्री नव्हती. पण ती शिवण मी बघितली. चाचपडून टाके घातलेत. आणि दादा बोलले, त्यांच्यासमोर तिनंच घातली." तो माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. दुसऱ्यानं झाकलं असतं."

मी त्याला सांगितलं. ब्लेड, ओव्याची पुडी, बायकोची शिवण. क्रमानं सांगितलं, काही वगळलं नाही. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "हे अम्मीनं सांगायला सांगितलंय?"

"नाही."

"मी निघतोय म्हटल्यावर तुम्हाला हे आठवलं. शुक्रवारी नाय आठवलं."

"शुक्रवारी मी लपवलं."

"आज लपवत नसाल कशावरून?"

अण्णानं मधे पडून सांगितलं, की मी असा आहेच, घरी लहानपणी दुसऱ्यांच्या पत्राची पाकिटं उजेडात धरायचो. त्याला हसू आलं नाही.

"तुमच्या बॅगेत आणखी कोणाचं होतं?" त्यानं विचारलं.

"गुरुजींचा डबा."

"तो उघडलात?"

"नाही."

"का?"

अण्णा खिडकीकडे बघत होता.

"खसखस त्याच्यातच होती," अण्णा शेवटी म्हणाला. "अनारशांवर. मी खरवडून काढली."

तो पहिल्यांदाच खुर्चीवर बसला. चिडलेला दिसत नव्हता. "आता बघा," तो म्हणाला, "तुम्ही मला खरं सांगता की अम्मीसाठी खोटं सांगता, हे मी कसं ओळखायचं? उसवलेला दोरा ठेवलात?"

दोरा मी रत्नागिरीत केराच्या डब्यात टाकला होता. पिशवी कुठे आहे म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, उशीखाली. धुतलीस का? नाही.

आम्ही तिघं अण्णाच्या गाडीतून त्याच्या राहण्याच्या जागी गेलो. एका खोलीत सहा खाटा, दोन दोन एकावर एक. त्याची खालची. वरच्या खाटेवरचा माणूस वर्तमानपत्र वाचत होता, तो सरकून भिंतीकडे तोंड करून झोपला. उशीखालून चाचींच्या मुलानं पिशवी काढली. तोंड उघडताना माझ्या बायकोचा दोरा त्यानं कापून टाकला होता, कापड तसंच होतं. कोरं, खळीचं, कडक. मांजरपाटाला जाड सुईचं भोक पडलं की धुवेपर्यंत ते बुजत नाही, एवढ्यावरच मी आलो होतो.

त्यानं ती ट्यूबलाइटसमोर दोन्ही हातांनी ताणून धरली.

दोन ओळी होत्या. एक वेडीवाकडी, भोकं कुठे दूर, कुठे चिकटून, एका जागी कापड फाटायला आलेलं. तिच्या जरा खाली दुसरी ओळ. गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर भोक, पुन्हा तेवढ्याच अंतरावर भोक. काठापासूनचं अंतर या टोकापासून त्या टोकापर्यंत बदललेलं नव्हतं.

त्यानं ओळीवरून नजर फिरवली नाही. तो सरळ उजव्या कोपऱ्याकडे गेला. तिथे तीन भोकं त्रिकोणात होती, अगदी जवळ जवळ. त्यानं त्यावर नख ठेवलं.

"गाठ मारत नाय ती," तो म्हणाला. "तीन टाके घालून दोरा तोडते. गाठ सुटते बोलते."

पिशवी त्यानं खाली केली नाही. खोलीत बाकीचे लोक जेवणाची भांडी काढत होते. कोणी तरी त्याला हाक मारली, त्यानं ओ दिली नाही.

"दिसतं तिला," तो म्हणाला.

"दिसतं."

"तुम्हाला विचारलं नाय, दादा."

दुसऱ्या दिवशी त्यानं फोरमनला काही सांगितलं नाही. हे मला अण्णाकडून कळलं. मी निघायच्या आधी एकदा भेटलो तेव्हा चाचींसाठी काही न्यायचं आहे का, असं विचारलं. बॅगेत तीन किलोंची जागा होती.

"नको," तो म्हणाला. "तुमची बॅग लहान हाय." थोड्या वेळानं म्हणाला, "अम्मीला एवढंच सांगा, शिवण बघितली. दुसरं काय सांगू नका."

मी गेलो होतो तेवढ्याच सामानानं परत आलो. रत्नागिरी स्टेशनवरून रिक्षानं आळीत उतरलो तेव्हा वाण्याच्या दुकानासमोर चौघं उभे होते. गल्फहून तीच निळी बॅग घेऊन उतरलेला माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता.

"तिकडून हाकलून दिलं काय, साहेब?" वाण्यानं विचारलं.

"पंधरा दिवसांसाठीच गेलो होतो."

"हो, तसं बोलला होतात," तो म्हणाला, आणि साखर जोखू लागला. पुढचा महिनाभर माझ्या ऑफिसात कोणी ना कोणी, मी नोकरीवर आहे की नाही, याची फोनवरून चौकशी करत होतं, असं शिपायानं सांगितलं.

चाची कुंपणापाशी उभ्याच होत्या.

"बघितली त्यानं?"

"बघितली."

"हातात घेऊन?"

"हातात घेऊन. उजेडात धरून."

"काय बोलला?"

"बोलला, तुम्ही गाठ मारत नाही. तीन टाके घालता."

चाचींनी तोंडावर पदर घेतला. हसल्या असाव्यात. "आणि येतो बितो बोलतो काय?"

"करार पुरा करून येईल."

त्या घरात गेल्या. मी वळलो तेव्हा बायको दारात होती. तिनं मला काही विचारलं नाही, आणि मीही जेवण होईपर्यंत काही सांगितलं नाही. सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "गुरुजींना कोण सांगणार?" गुरुजींना कोणीच सांगितलं नाही.

मुलगा जुलैत आला, करार पुरा करून, आणि दोन महिन्यांनी परत गेला. आमच्या घरी येऊन बसला, पोरांना खजूर दिले, माझ्याशी पाऊस आणि बोटी यांवर बोलला. आईला त्यानं काही सांगितलं का, हे मी त्याला विचारू शकलो नाही. तो गेल्यावर चाचींच्या वागण्यात फरक पडला नाही. फोन आला की आम्ही हाक मारत होतो, त्या येत होत्या.

त्या वर्षीच्या ईदला त्या शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन आल्या. उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि पातेलं माझ्या हातात द्यायच्या आधी त्यांनी वरची ताटली उचलली.

"बघा," त्या म्हणाल्या. "दूध, शेवया, खारीक. चारोळी घातलीय."

मी आत पाहिलं आणि पातेलं घेतलं.

त्यानंतर त्यांच्याकडून जे काही आलं, मासे असोत की सांदणं, ते झाकण उचलून, आत काय काय आहे ते सांगून माझ्या हातात आलं. बायकोचं म्हणणं, चाची पहिल्यापासून तसंच करतात, मीच कधी लक्ष दिलं नव्हतं. मी आठवून पाहिलं. आधीच्या वर्षांतलं एकही झाकण मला आठवत नाही.